हलला

साखर पेठेत, चादरीच्या कारखान्याला लागून
मल्लेशम येमूल यांचा फोटो स्टुडिओ होता.
मधली भिंत एकच, चार इंची.
भिंतीपलीकडे आठ माग.
अलीकडे लाल दिवा, तीन ट्रे आणि एक रेडिओ,
मागचं झाकण हरवलेला,
सेल रबरानं बांधलेला.

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की मामा
माणूस बघून भाषा काढायचे.
हलू नका.
कदलकू.
अलुगाडबेडा.
हिलो नक्को अम्मा, पापणी बी नक्को.
आणि एकेक माणूस श्वास धरून बसायचा.
पासबुकासाठी आलेल्या विडीवाल्या बायका,
तंबाखूची पिवळी बोटं पदराखाली घेऊन;
मुलगी दाखवायची म्हणून आणलेली मुलगी;
गड्ड्याच्या जत्रेतून थेट आलेलं एक पोर,
ज्याच्या हातातली पिपाणी
आईनं काढून घेतली होती.
मला वाटायचं, फोटो म्हणजे हेच.
हलणाऱ्याला दिलेली ताकीद.

डार्करूममध्ये घड्याळ होतं,
पण ते मामींच्या माहेरचं, म्हणून बंद असूनही टांगलेलं.
कागदावर उजेड किती वेळ?
मागाचे वीस ठोके.
डेव्हलपरमध्ये किती?
विलंबित एकतालाची दोन आवर्तनं,
समेवर उचलायचं.
रेडिओवर कुणी लय चढी धरली
की चेहरे फिके यायचे.
"आज गवयाला गाडी पकडायचीय," म्हणत मामा
कागद परत बुडवायचे.

मी सतरा वर्षांची. हाताला हायपोचा वास,
कडक भाकरीलाही तोच.
पाण्याखालच्या कोऱ्या कागदावर
आधी केस यायचे, मग डोळे,
गाल सगळ्यात शेवटी.
"राग पण असाच येतोय बघ," मामा म्हणायचे,
"पहिल्यांदा नुसता ओला कागद."

मला फार उशिरा कळलं
की एकोणीस वर्षं ते स्वतः मागावर होते
आणि उजवा कान तिथेच राहिला,
डावा निम्मा.
मग ऐकत काय होते?

मे महिना, गुरुवार, दुपारचे अडीच.
लाईट गेली.
आठही माग एकदम थांबले.
पेठेत अशी शांतता पडली की
कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यानं घेतलेली जांभई ऐकू आली.
सेलवरचा रेडिओ तेवढा चालू,
कुणीतरी बाई, मुलतानी,
निषादाशी येऊन थांबलेली.
मामा स्टुलावर बसले, गिऱ्हाइकाच्या जागी,
रेडिओ मांडीवर घेतला
आणि उघड्या पाठीत, तारांच्या शेजारी,
तळहात ठेवला.
जसा आपण तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतो.

पत्र्याच्या भोकातून ऊन त्यांच्या गुडघ्यावर आलेलं.
कॅमेरा तिकाटण्यावर होताच.
उजेड कमी, म्हणून अर्धा सेकंद.
मी काही बोलले नाही.
हलू नका म्हणाले नाही.

लाईट आली. माग सुरू झाले.
मामांनी हात काढला, रेडिओ फळीवर ठेवला,
म्हणाले, "रोल वाया घालवलास की काय?"

ते गेले त्या वर्षी
त्यांचा मुलगा, व्यंकटेश, पुण्याहून आला.
हार घालायला फोटो पाहिजे होता.
निम्म्या पूर्वभागाचे फोटो ज्यानं काढले
त्याचा एकही फोटो घरात नव्हता.
मी तो प्रिंट दाखवला.
त्यानं उजेडाकडे धरला, तिरका केला.
"हललाय, ताई."
मग आधार कार्डावरचा मोठा करून घेतला.
त्यात ते चोरासारखे दिसतात,
आपण सगळेच दिसतो.

प्रिंट माझ्याकडे आहे.
चेहरा स्थिर, डोळे मिटलेले,
रेडिओच्या पाठीतला हात मात्र
पाच बोटांचा नऊ बोटांचा झालेला.
मनगटाशी धूर.
मी कितीदा तरी मोजायचा प्रयत्न केला,
अर्धा सेकंद. विलंबितात एवढ्यात
काहीच होत नाही.

मागच्या भिंतीला पडदा म्हणून लावलेली चादर,
शेजारच्या कारखान्याची, सेकंड,
तिच्यावरचा मोर अगदी स्पष्ट आलाय.
एक पीस हललेलं नाही.